फेऱ्यांचा हिशेब

भोसरी, पिंपरी, चाकण या पट्ट्यात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस निवृत्त झाला की एक तर अध्यात्माकडे वळतो, नाही तर शेअर बाजाराकडे. शेअर बाजाराकडे वळलेले यथावकाश अध्यात्माकडेही वळतात. यांतच एक तिसरी जमात आहे. ती कुठेच वळत नाही. ती लेथ घेते.

या जमातीतल्या कुणालाही नाना म्हणावं. तो ओ देतो. नाना ओळखायला सोपे. शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी, पँटच्या खिशात जुन्या बनियनचा तुकडा. लग्नाला गेले की आहेर देण्याआधी मांडवाच्या खांबाचं वेल्डिंग बघून घेतात आणि जेवताना त्या खांबापासून लांब बसतात. घरातल्या शेगडीचा नॉब मोडला तर नवीन आणायला त्यांचा सक्त विरोध. "मी करतो," म्हणतात. करतातही. पितळेचा, सात पिढ्या झिजणार नाही असा. तोवर काकू पकडीने गॅस लावतात.

आमच्या सोसायटीतल्या नानांचा लेथ चिनी आहे. अवघा चाळीसेक किलोंचा, पार्किंगच्या कोपऱ्यात, पूर्वी स्कूटर असायची त्या जागी मांडलेला. जॉब चकमध्ये पकडायचा, तो फिरत राहतो आणि टूल जागेवर बसून त्याला सोलत राहतं, एवढंच लेथचं काम. या लेथवर आजवर जे जे सोललं गेलं, त्यातलं बहुतेक याच लेथच्या उपयोगाचं होतं: टेलस्टॉकला नवीन मूठ, चकच्या चावीला स्टँड, तेलाच्या डबीला झाकण. "आता लेथ तयार होत आला," असं नाना अधूनमधून सांगतात. तयार झाल्यावर त्यावर काय करणार, हे विचारायचं नसतं. मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात जाऊन मूर्तीची किंमत विचारली.

नानांची हयात गेली हरिहरच्या मैसूर किर्लोस्करने बनवलेल्या भक्कम लेथवर. त्याच्या हेडस्टॉकवर एक पट्टी असायची: हा दांडा इकडे, तो दांडा तिकडे, की मिनिटाला इतके फेरे. दांडा ओढला की खट्ट! संशयाला जागा नाही. या चिनी लेथला मात्र एकच गोल बटण. फिरवत जा, वेग वाढत जातो. 50 पासून 2500 पर्यंत जातो म्हणे, पण बटणाभोवती एकही आकडा नाही. बारीक सुरू होऊन जाड होत गेलेली नुसती एक पांढरी कमान.

"हे काय? अंदाजपंचे दाहोदरसे?" नाना म्हणाले. "25 मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बार आहे, हायस्पीडचं टूल आहे. मिनिटाला 30 मीटर कटिंग स्पीड धर. त्याला हजाराने गुण, पाय गुणिले व्यासाने भाग. किती आले? 382. आता सांग, या कमानीवर 382 कुठे आहेत?"

मी कमानीवर बोट ठेवायचं धाडस केलं नाही.

खरं तर नानांना आकडा लागतच नाही. आवाज ऐकून फेरे सांगणारा टर्नर अशी शॉपमध्ये त्यांची ख्याती होती. शिवाय आकड्यांशी त्यांचं जुनं वैर. नोकरीत त्यांना एकच शत्रू होता: टाइम स्टडीवाला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पाटी आणि पाटीला अडकवलेलं स्टॉपवॉच. हा मागे येऊन उभा राहिला की एका जॉबला किती वेळ लागतो ते ठरायचं, त्यावरून रोजचा कोटा, त्यावरून इन्सेंटिव्ह. त्यामुळे तो उभा असेपर्यंत शॉपमध्ये जे चाले त्याला नाटक म्हणणं हा नाटकाचा अपमान आहे. दांडा हळूच खालच्या वेगावर यायचा. धार असलेल्या टूलला परत धार लावली जायची. एक माप तीनदा घेतलं जायचं, दर वेळी व्हर्निअर पुसून. सगळं अगदी मन लावून, कपाळावर घाम आणून. तो पाठमोरा झाला की पुन्हा खट्ट!

अशा माणसाला वेग मोजायचं यंत्र घरी करावंसं वाटलं. का, याचं उत्तर त्यांनी एका वाक्यात दिलं: "माझ्या कानावर इथे कुणाचा विश्वास नाही."

सामान आणायला ते बुधवार पेठेत गेले. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत सबमिशनच्या घाईतली इंजिनिअरिंगची पोरं, आणि त्यांच्यात यादी घेऊन उभे नाना. दुकानदाराने विचारलं, "नातवाचं प्रोजेक्ट का, काका?" नाना म्हणाले, "माझं. आणि मला कुणी सबमिशनची तारीख दिलेली नाही." आले ते आर्डुइनोचा एक छोटा बोर्ड, चार आकडी डिस्प्ले आणि नखावर मावेल असा तीन पायांचा हॉल सेन्सर घेऊन. समोरून चुंबक गेला की या सेन्सरला कळतं. ज्या गुणामुळे कळतं तो एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने 1879 मध्ये शोधून काढला, असं नातवाने सांगितलं. ही चूक झाली. "तो विद्यार्थी असून शोधून काढतो, आणि तुला दोन केट्या," असं त्याला त्यानंतर चार दिवस ऐकावं लागलं.

चुंबक बसवायला नानांनी स्पिंडलच्या मागच्या टोकासाठी अॅल्युमिनियमची कडी कातली. मागच्या टोकाला अशासाठी, की पुढे बसवला तर लोखंडाचा बूर चिकटून चुंबकाला दाढीमिशा येतात. आता कडीच्या एकाच बाजूला चुंबक म्हटलं की तोल गेला. म्हणून समोरच्या बाजूला तेवढ्याच वजनाचा दुसरा बसवला, पण उलटा. हा सेन्सर दक्षिण ध्रुवच ओळखतो, त्यामुळे फेऱ्यामागे नोंद एकच होते.

"बघ," नाना मला म्हणाले, "एक चुंबक बोलतो. दुसरा बोलत नाही, पण तो नसेल तर सगळं थरथरायला लागेल."

"दुसरी मी," वरच्या गॅलरीतून काकू म्हणाल्या.

प्रोग्राम नातवाने लिहिला. एका सेकंदात चुंबक कितीदा गेला ते मोजायचं आणि साठने गुणायचं. साधा हिशेब. लेथ सुरू झाला, डिस्प्लेवर 360 आले. नानांनी बटण किंचित फिरवलं, तरी 360. आणखी किंचित, एकदम 420. मधलं काही नाहीच.

"माझा लेथ साठच्या पाढ्यात फिरत नाही," नाना म्हणाले.

नातवाचंही चुकलं नव्हतं. सेकंदाला सहा फेरे म्हणजे 360, सात म्हणजे 420. साडेसहा फेरे मोजणार कसे? उपाय नानांनाच सुचला, रात्री, अंथरुणात. फेरे मोजायचेच नाहीत. चुंबक एकदा समोरून गेला की पुन्हा येईपर्यंत किती वेळ लागला तो मोजायचा. मायक्रोसेकंदात. मिनिटाचे मायक्रोसेकंद सहा कोटी. सहा कोटींना त्या वेळाने भागलं की झाले फेरे. एका फेऱ्याला एक लाख लागले तर 600. नातवाने तसं लिहिलं आणि आकडा एक-एकने हलायला लागला.

म्हणजे ज्या स्टॉपवॉचवाल्यापासून नाना आयुष्यभर तोंड लपवत आले, त्यालाच त्यांनी स्वतःच्या लेथच्या पाठीमागे कायमचा उभा केला. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. काही गोष्टी शेजारधर्मात बसत नाहीत.

पुढचे काही दिवस निव्वळ कटकटीचे. मोटरच्या ब्रशमधल्या ठिणग्या सेन्सरच्या वायरीत शिरायच्या आणि लेथ मिनिटाला आठ हजार फेरे घेतोय असं डिस्प्ले छातीठोकपणे सांगायचा. मग जाळीची वायर आली, सेन्सरच्या पायांत 104 चा कपॅसिटर आला, आणि सर्किटला वीज वेगळी हवी म्हणून काकूंच्या मोबाइलचा चार्जर गेला तो गेलाच. सगळा संसार हिंगाच्या रिकाम्या डबीत बसवला. अजूनही लेथ तासभर चालला की पार्किंगमध्ये फोडणीचा वास येतो.

मग कान विरुद्ध डबी असा सामना झाला. नानांनी डोळे मिटून बटण फिरवलं, ऐकलं आणि म्हणाले, "चारशे." डबी म्हणाली 463.

"डबी चुकते," नाना म्हणाले आणि माळ्यावर चढले. खाली आले ते जुन्या चोकवाली ट्यूबलाइट घेऊन. आपल्याकडची वीज 50 सायकलची, त्यामुळे असली ट्यूब सेकंदाला शंभरदा मिचमिचते. डोळ्याला दिसत नाही इतकंच. चकला जबडे तीन. सेकंदाला शंभर जबडे डोळ्यांसमोरून गेले, की दर मिचकीला एकाच्या जागी दुसरा हजर आणि चक थांबल्यासारखा दिसतो. हे होतं बरोबर 2000 फेऱ्यांना. त्याच्या निम्म्यावर, 1000 ला, चकला सहा जबडे असल्याचा भास होतो. नानांनी पार्किंगमधले एलईडी दिवे बंद केले, ट्यूब लावली आणि वेग वाढवत नेला. सहा जबडे येऊन गेले. मग ते तीन जबडे संथ होत होत जागच्या जागी उभे राहिले. पिसाट वेगाने फिरणारं ते धूड इतकं निवांत दिसत होतं की माझा हात नकळत पुढे झाला.

नानांनी तो फटकन खाली मारला. "म्हणूनच जुन्या शॉपमध्ये मशीनवर पिवळा बल्ब असायचा, गाढवा!"

डबी 2001 दाखवत होती.

शांतता पसरली. काकू गॅलरीतच होत्या, पण मोठ्या मनाने काही बोलल्या नाहीत. नानांनी लेथ बंद केला, चकवरून बनियनचा तुकडा फिरवला आणि निकाल दिला: "कान बरोबर आहे. याचे गिअर प्लास्टिकचे. हा आवाजच खोटा आहे."

त्या दिवसापासून मात्र नाना आकड्याचे गुलाम झाले. 382 म्हणजे 382. डबीवर 381 यायचे, 384 यायचे, 379 यायचे. शेवटचा आकडा काही केल्या ठरेना. नाना बटणाला केसभर हात लावून टक लावून बघत बसायचे आणि इकडे टूल हवेतच राहून जॉबला शिवतसुद्धा नसायचं. टूल लावलं की आणखी निराळंच. कट जरा जड घेतला की मोटर दमते आणि 382 चे 350 होतात. हा प्रकार कानाला कधी टोचला नव्हता, डोळ्याला टोचायला लागला. नातवाने दहा फेऱ्यांची सरासरी काढून दिली, तर आकडा आळशी झाला. शेवटी चहा घेऊन खाली आलेल्या काकूंनी कपाळावरची टिकली काढली आणि शेवटच्या आकड्यावर चिकटवली. "आता बघा, हलतोय का?" त्या आठवड्यात नानांनी बऱ्याच दिवसांनी एक अख्खा जॉब पुरा केला. लेथसाठीच.

एवढ्यावर सगळं सुखाने चाललं असतं. पण आमचे सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. लेथच्या आवाजाबद्दल त्यांची तक्रार जुनी होती, नाना दर वेळी "फार आवाज म्हणजे किती?" असं विचारून त्यांना वाटेला लावत. आता पार्किंगमध्ये लखलखीत आकडा. सेक्रेटरी खाली आले, त्यांनी कौतुकाने डबीची चौकशी केली, आणि इतक्या रसिकतेने कुणी चौकशी केली नव्हती म्हणून नानांनी त्यांना 300 पासून 1500 पर्यंत सगळे वेग चालवून दाखवले. सेक्रेटरींनी मोबाइलवरून बायकोला एकेक वेग ऐकवला आणि बेडरूममध्ये कितपत ऐकू येतं ते विचारून घेतलं. पुढच्या सभेत ठराव आला: पार्किंगमधील यंत्राची गती मिनिटास 500 फेऱ्यांच्या आत ठेवावी. नाना सोडून सगळ्यांनी हात वर केले.

हल्ली सेक्रेटरी संध्याकाळी फिरून आले की लेथमागे येऊन उभे राहतात. हातात वही असते. टिकली पहिल्याच दिवशी काढायला लावली. ते उभे असले की नाना टूलला परत धार लावतात, व्हर्निअर पुसतात, एकच माप तीनदा घेतात. सेक्रेटरी हलत नाहीत. बँकेत त्यांनी याहून चिवट माणसं पाहिली आहेत. आणि 500 फेऱ्यांत अॅल्युमिनियमचा बारीक जॉब करायचा म्हणजे उपासच.

परवा मी पार्किंगमध्ये गाडी लावत होतो. हिंगाची डबी उघडी, शेजारी लॅपटॉप, आणि नाना नातवाच्या कानाशी लागलेले.

"तू ते सहा कोटी लिहिलेस ना," ते विचारत होते, "तिथे पाच लिहिले तर 600 चे किती दिसतील रे?"