मुहूर्त काढणाऱ्यांची अनामत

पहलगामला दहशतवादी हल्ला झाला २२ एप्रिल २०२५ रोजी आणि भारताने त्याचे उत्तर दिले ७ मेच्या मध्यरात्रीनंतर. मधल्या पंधरा दिवसांत वृत्तवाहिन्यांनी मात्र रोज रात्री नऊला पाकिस्तान जिंकले आणि जाहिराती लागल्या की परत दिले. ‘पुढचे अठ्ठेचाळीस तास निर्णायक’ अशी पट्टी फिरायची. तास संपायचे, पट्टी संपायची नाही. आमचे सिल्लोडही मागे नव्हते. मक्याला दिवाळीत काय भाव फुटेल हे इथला मुरलेला व्यापारीही सांगणार नाही, फर्दापूरची गाडी कधी लागेल यावर कुणी पैज लावणार नाही. पण राफेल कोणत्या रात्री उडणार हे चहाच्या टपरीवर घटकापळांसह ठरलेले होते. एवढ्या खात्रीच्या बाजारात एक साधा फरक हरवला. सरकार हल्ला करील का, हा एक प्रश्न आणि कधी करील, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर घरबसल्या बऱ्यापैकी काढता येते. दुसऱ्याचे काढता येत नाही, आणि नेमके तेच रोज विकले जाते.

पहिल्या प्रश्नाला पुरते ते भिंतीवरचे कॅलेंडर. उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला १८ सप्टेंबर २०१६ ला. सर्जिकल स्ट्राइक २९ च्या पहाटे, म्हणजे अकराव्या दिवशी. पुलवामा १४ फेब्रुवारी २०१९. बालाकोट २६ फेब्रुवारी, बाराव्या दिवशी. त्याआधीचे पानही उलटले पाहिजे: डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर, आणि दोन्ही वेळा सीमेपलीकडे हल्ला झाला नाही. एवढ्या चार ओळींवरून पहलगामनंतर कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता: अलीकडची रीत पाहता उत्तर दिले जाईल असे वाटते, बहुधा दोनेक आठवड्यांत, चार दिवस इकडे किंवा तिकडे, शंभर टक्के मात्र नाही. पंधराव्या दिवशी हे खरे ठरले. अडचण एवढीच की हे वाक्य बोलायला अर्धे मिनिट लागते आणि कार्यक्रम तासाचा असतो. उरलेली साडेएकोणसाठ मिनिटे भरायला निवृत्त अधिकारी, लाल बाण मारलेला नकाशा आणि सायरन लागतो.

तारखेच्या भाकिताचे काय होते, ते पाकिस्तानचे माहितीमंत्री अताउल्ला तरार यांना विचारावे. ३० एप्रिलच्या पहाटे त्यांनी जगाला सांगितले, की भारत येत्या २४ ते ३६ तासांत हल्ला करणार असल्याची विश्वसनीय गुप्त माहिती हाती आली आहे. छत्तीस तास गेले, बहात्तर गेले, हल्ला झाला सातव्या दिवशी. हल्ला होणार हे बरोबर, वेळ चूक. तरारांच्या पाठीशी अख्खे हेरखाते होते. आपल्या वाहिन्यांच्या पाठीशी ‘सूत्रे’ होती. ६ मेच्या संध्याकाळी तर खुद्द पंतप्रधान दिल्लीत एका वृत्तवाहिनीच्या सोहळ्यात मंचावर होते आणि भारताचे पाणी भारतासाठीच वाहील असे सांगत होते. पंधरा दिवस ज्याच्या मनातले ओळखण्याचा दावा चालला होता तो माणूस समोर उभा होता, आणि रात्री एक वाजून पाच मिनिटांनी नऊ ठिकाणांवर मारा सुरू झाला तेव्हा महाराष्ट्र झोपेत होता. गृहमंत्रालयाने ७ मेला २४४ जिल्ह्यांत मॉक ड्रिल जाहीर केले होते, छत्रपती संभाजीनगरचे नावही यादीत होते. राजस्थानच्या सीमेवर ७ आणि ८ मेला हवाई सराव असल्याची सूचनाही निघाली होती. सरकारने तालमीची तारीख सांगितली, आणि तालमीच्या आधी नाटक होत नाही असे सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकले.

यावर कुणी म्हणेल, अंदाज चुकतातच. हवामान खात्याचे नाही का चुकत? खात्याची बाजू घेण्याची वेळ मराठवाड्यात क्वचित येते, पण आज ती आली आहे. एप्रिल २०२५ मध्ये खात्याने सरासरीच्या १०५ टक्के पाऊस सांगितला आणि पाच टक्के इकडेतिकडे होईल हेही त्याच वाक्यात कबूल केले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. घटात धान्ये, राजासाठी पानविडा-सुपारी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला त्यावरून पीकपाण्याचे आणि राजसत्तेचे भाकीत सांगतात. विज्ञानाच्या बाजूने त्यावर हवी तेवढी टीका करावी, पण ते वर्षातून एकदा होते आणि वर्षभर लोक त्याचा हिशेब मांडतात. खरा फरक आणखी खोल आहे. ढग पंचांग वाचत नाहीत. सरकार मात्र बातम्या पाहते, आणि ज्याच्यावर हल्ला व्हायचा तो त्याहून लक्ष देऊन पाहतो. अमुक रात्री हल्ला होणार हे सर्वांना पटले, की ती रात्र हल्ल्याला निकामी झाली. पलीकडे तोफा सज्ज आणि तळ रिकामे. म्हणजे तारखेचे भाकीत जितके पटेल, तितके ते खोटे ठरवण्याची गरज वाढते. जून २०२५ मध्ये व्हाइट हाउसने १९ तारखेला सांगितले, की इराणबाबतचा निर्णय ट्रम्प दोन आठवड्यांत घेतील. जगाने दोन आठवड्यांची सुट्टी गृहीत धरली. २२ च्या पहाटे इराणच्या फोर्डो अणुकेंद्रावर बॉम्ब पडले. मधल्या काळात काही बी-२ विमाने मुद्दाम पश्चिमेला, प्रशांत महासागराकडे पाठवली होती, आणि विमानांचा माग काढणारे हौशी पंडित इमानेइतबारे त्यांच्या मागे गेले. त्या मोहिमेत या मंडळींनी बिनपगारी चाकरी केली.

मग पाहायचे काय? ज्या हालचालीला खर्च येतो, जी उलटवायला जड जाते, ती पाहायची. बोलणे फुकट असते. याचा दाखला सिल्लोडकरांना दूर शोधायला नको. १८०३ च्या उन्हाळ्यात दौलतराव शिंद्यांच्या छावणीत ईस्ट इंडिया कंपनीचा वकील कर्नल कॉलिन्स ठाण मांडून होता. मेअखेरीस त्याने तोंडावर विचारले, लढाई की सलोखा? शिंद्यांनी सांगितले, नागपूरकर भोसल्यांची भेट होऊ द्या, मग कळवू. पुढचे दोन महिने खलिते आणि खुलासे चालले. त्यांतल्या एकाही ओळीवरून काही कळले नसते. कळले ते ३ ऑगस्टला, कॉलिन्सने छावणी सोडली तेव्हा. ६ ला कंपनीचा सेनानी आर्थर वेलस्लीने युद्ध पुकारले, ८ ला अहमदनगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लागल्या. ऑगस्ट सरता सरता मराठी फौजा अजिंठ्याचा घाट चढून याच पठारावर आल्या. वेलस्ली आणि त्याचा सहकारी स्टीव्हन्सन यांनी बदनापूरला बसून ठरवले, की दोन बाजूंनी जाऊन २४ सप्टेंबरला भोकरदनजवळ हल्ला करायचा. २३ लाच वेलस्लीला कळले की सगळे लष्कर दोन-तीन कोसांवर समोर उभे आहे, आणि आसईची लढाई त्याच दिवशी झाली. हल्ला ज्याच्या हातात होता त्यालाच स्वतःच्या हल्ल्याची तारीख आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हती. स्टुडिओतल्या तज्ज्ञाला ती माहीत असते.

त्याच दुपारची आणखी एक गोष्ट या धंद्याला मुळापासून लागू पडते. केळणा नदी ओलांडायची होती. वाटाडे, म्हणजे त्या काळची सूत्रे, छातीठोकपणे म्हणाले की इथे उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली, तर पुढे नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर दिसली. एवढी जवळ गावे वसवून माणसे एकमेकांकडे जात नसतील हे संभवत नाही, असा त्याने हिशेब केला. माणूस पाठवला, उतार सापडला. त्यानंतरच्या लढाईत त्याची पंधराशेहून जास्त माणसे मेली किंवा जखमी झाली, तेव्हा तर्क बरोबर आला म्हणजे सारे स्वस्तात सुटते, असेही नाही. पण सांगणाऱ्याची खात्री एका पारड्यात आणि डोळ्यांसमोरची दोन गावे दुसऱ्या पारड्यात, हा सौदा कसा करावा हे तिथे दिसते.

इथे चाणाक्ष वाचक हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. खर्चिक हालचाल हीच खूण, तर ऑपरेशन पराक्रमचे काय? संसदेवरच्या हल्ल्यानंतर लाखो सैनिक सीमेवर गेले, सुमारे दहा महिने राहिले, खर्च बेसुमार झाला आणि हल्ला झाला नाही. बी-२ विमाने उडवायलाही पैसे पडतातच, तरी ती हूल ठरली. खरे आहे. म्हणून खर्चिक खुणेने शक्यता वाढते, खात्री होत नाही. पराक्रमच्या वेळी फौज जमवायलाच आठवडे लागले. तेवढ्यात समोरचा सावध झाला आणि जगातले मध्यस्थ धावत आले. पुढच्या सरकारांनी त्यातून छोटा, झटपट, रात्रीत आटोपणारा मारा निवडला, आणि अशा माऱ्याला दिसण्याजोगी तयारी कमी लागते. थोडक्यात, खुणा जितक्या विरळ, तितका टक्का खाली आणायचा. टक्क्यात बोलणारा माणूस पडद्यावर मात्र भित्रा दिसतो, ही त्याची चूक नव्हे.

दुसरी हरकत भावनेची आहे: ज्यांची मुले सीमेवर आहेत त्यांना काय घडणार हे कळायला नको का? जरूर कळावे. पण त्यांना धोक्याची कल्पना हवी असते, रात्री नऊचा रणगाडा नको असतो. पूंछमध्ये तोफगोळे घरांवर पडत होते तेव्हा आपल्याकडच्या काही वाहिन्या कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचे सांगत होत्या. सायरनचा पार्श्वसंगीत म्हणून इतका वापर झाला, की १० मे रोजी नागरी संरक्षण महासंचालनालयाला सांगावे लागले: भोंगा कार्यक्रमात वाजवू नका, खरा वाजेल तेव्हा कुणी उठणार नाही. त्याच संध्याकाळी पाचपासून शस्त्रसंधी झाली आणि तिची बातमी आपल्या वाहिन्यांना आधी ट्रम्प यांच्या पोस्टवरून मिळाली. युद्धाची वेळ घटकापळांसह सांगणाऱ्या एकालाही शांततेची वेळ सांगता आली नव्हती.

उपाय निवडणूक कायद्यात तयारच आहे. उमेदवाराला एक षष्ठांश मते पडली नाहीत, तर अनामत जप्त होते. हल्ल्याचे भाकीत करणाऱ्या प्रत्येक तज्ज्ञाने कार्यक्रमाआधी लखोट्यात दोन आकडे लिहून द्यावेत, तारीख आणि टक्का, आणि सोबत एका महिन्याचे मानधन अनामत ठेवावे. ‘योग्य वेळी’, ‘कधीही’ आणि ‘मोठे काहीतरी’ हे शब्द लखोट्यात चालणार नाहीत. साठ टक्के म्हणणाऱ्याला एकदा चुकला म्हणून शिक्षा नको; त्याच्या वर्षभराच्या दहा भाकितांत सहाच्या आसपास खरी निघाली, तर अनामत व्याजासह परत. शंभर टक्के म्हणणाऱ्याची पहिल्याच चुकीला जप्त, आणि ती रक्कम पूंछमध्ये घरे पडलेल्यांना. पहिल्या महिन्यात फंड भरून वाहील. दुसऱ्या महिन्यात एकही लखोटा येणार नाही, आणि नऊच्या बातम्यांत मोकळ्या झालेल्या तासाचे करायचे काय, हा प्रश्न पडला तर सिल्लोडच्या मोंढ्यातून मक्याचे भाव कळवता येतील. ते आजचे असतात, उद्याचे विचारू नयेत.