माफीलाही घर लागतं

नॅशनल लोक अदालतीचा शनिवार जवळ आला की जबलपुरात सवलतींचा हंगाम सुरू होतो. मालमत्ता कर थकवलाय? काळजी नको. कर आणि अधिभार मिळून रक्कम पन्नास हजारांच्या आत असेल तर अधिभार शंभर टक्के माफ, लाखापर्यंत असेल तर निम्मा, लाखाच्या वर गेलात तर चौथाई. पाणीपट्टीचंही असंच कोष्टक असतं. तिकडे रामपूरच्या शक्ती भवनातून वीज कंपनी कळवते, की वीजचोरीची प्रकरणं मिटवायला या, आकारलेल्या रकमेत सूट देऊ आणि व्याज सोडून देऊ. हो, चोरीचीच. तीन उन्हाळे आकडा टाकून ज्यानं एसी चालवला, तो त्या दिवशी चोर नसतो, पक्षकार असतो. त्याला बसायला खुर्ची मिळते आणि जाताना ‘समझौता हो गया’ म्हणून हात जोडले जातात.

या व्यवस्थेबद्दल माझी काही तक्रार नाही. कोर्टाचा भार हलका होतो आणि बुडणाऱ्या रकमेतलं काहीतरी हाती लागतं. प्रश्न एवढाच, की याच शहरात फलाटावर झोपला म्हणून ज्याला पाचशे रुपये दंड झाला आणि जो तो भरू शकत नाही, त्याचा मंडप कुठल्या बाजूला असतो?

हा प्रश्न मी भंवरताल बागेतल्या सकाळच्या मंडळींपुढे टाकला. आमच्यात वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका आहेत. (जबलपूरचा मराठी माणूस एकतर वीज मंडळातून निवृत्त होतो, नाहीतर गन कॅरेज फॅक्टरीतून. बाकीचे वकील होतात आणि निवृत्तच होत नाहीत.) काका फिरता फिरता थांबले. म्हणाले, “अपन तर साफ बोलतो. दंड माफ केला की धाक गेला. आज याचा माफ करा, उद्या सगळे फुटपाथवर झोपायला येतील.”

ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पाचशे रुपये वाचतात म्हटल्यावर राइट टाउनातली कुटुंबंच्या कुटुंबं बंगले भाड्यानं देऊन फलाट क्रमांक एकवर बिऱ्हाड करतील, जानेवारीच्या थंडीत सून चादर झटकेल, सासूबाई पॅसेंजरच्या बाजूची जागा धरून ठेवतील. काकांना हे चित्र स्पष्ट दिसत होतं. त्यांचा स्वतःचा अधिभार गेल्या लोक अदालतीत माफ झाला, याची मी त्यांना आठवण करून दिली. “ती सेटलमेंट होती,” काका म्हणाले.

बरं, काकांचं ऐकू. दंड वसूल करायचाच. पण कसा?

मंडळींत एक वकीलसाहेब आहेत, हायकोर्टात बसतात. (हे हायकोर्ट १९५६ मध्ये जबलपूरला बसलं. नागपूरचं हायकोर्ट गेलं ते गेलं, आणि नागपूरकरांनी ते अजून मनातून सोडलेलं नाही. पण तो दंड वेगळा.) त्यांनी बाकावर बसून कायदा सांगितला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४६१ म्हणतं, दंड भरला नाही तर गुन्हेगाराची जंगम मालमत्ता जप्त करून विका, किंवा कलेक्टरला वॉरंट पाठवा. जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी त्यानं ती जंगम-स्थावर मालमत्तेतून वसूल करावी.

हे वाचायला भारदस्त आहे. आता प्रत्यक्ष जप्तीला जाऊ. तहसिलीचा अमला जीपमधून उतरतो. पंचनामा: जर्मनची वाटी एक, कड चेपलेली. चादर एक, मूळ रंग सांगता येत नाही. चपला दोन, जोडी नव्हे. प्लास्टिकची पिशवी एक, तिच्यात दुसरी, दुसरीत तिसरी, आणि सगळ्यांत आत आधार कार्डाची झेरॉक्स. तिच्यावरचा पत्ता पूर्वीच अतिक्रमण म्हणून पाडलेल्या झोपडीचा. स्थावर मालमत्ता: निरंक. पंच दोन, त्यांतला एक चहावाला; आपला धंदा बुडतोय म्हणून सही लवकर उरका म्हणतो. चादरीचा लिलाव पुकारला तर बोली कोण लावणार? मूळ मालकच लावेल, आणि त्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून तर लिलाव चाललाय.

वकीलसाहेबांचं अजून संपलं नव्हतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८ नुसार दंडाची वसुली शिक्षेनंतर सहा वर्षांपर्यंत करता येते, आणि गुन्हेगार वारला तरी त्याची मालमत्ता त्या देण्यातून सुटत नाही. म्हणजे तो थंडीत गारठून गेला तरी ती चेपलेली वाटी सरकारचं देणं लागते. वारसांनी नोंद घ्यावी.

“हप्ते पाडून द्या की,” कुणीतरी दया दाखवली. तीही सोय आहे. कोर्ट तीस दिवसांची मुदत देऊ शकतं, दोन-तीन हप्ते करून देऊ शकतं. फक्त त्यासाठी मुचलका लिहून द्यावा लागतो, आणि कोर्टाला वाटलं तर जामीनदारही आणावा लागतो. जामीनदार म्हणजे ज्याचं घर आहे असा माणूस. ज्याला घर असलेला माणूस जामीन राहतो, तो शक्यतो फलाटावर झोपत नाही.

मग उरतो तुरुंग. रेल्वे कायद्याचं कलम १४७ हे रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरण्याबद्दल आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड न भरल्याबद्दलची कैद मूळ कमाल कैदेच्या चौथाईपर्यंत देता येते, म्हणजे जास्तीत जास्त दीड महिना. हिशेब काकांनीच करावा, ते अभियंता होते. पाचशे रुपये आले नाहीत म्हणून सरकार एका माणसाला दीड महिना दोन्ही वेळ जेवू घालणार, पांघरूण देणार, औषधपाणी करणार, आणि तो पळू नये म्हणून पगारी माणूस उभा करणार. तेही नेताजी सुभाषचंद्र बोस केंद्रीय कारागृहात, म्हणजे जिथं खुद्द नेताजींना ठेवलं होतं तिथं. बराक नंबर, कैदी नंबर, शहर जबलपूर. ज्याच्याकडे पत्ता नाही म्हणून कुठलाच अर्ज पुढे सरकत नव्हता, त्याला सरकारनं अखेर पत्ता दिला.

न्यायाला धरून सांगायचं तर यात सुधारणाही झाली आहे. १८६० च्या दंड संहितेत, ज्या गुन्ह्याला फक्त दंडच आहे तिथं पन्नास रुपयांपर्यंतच्या दंडाला दोन महिन्यांपर्यंत कैद, शंभरपर्यंत चार महिने आणि त्याच्या वर सहा महिने, असं कोष्टक होतं. १८६० चे पन्नास रुपये म्हणजे मोठी रक्कम. ते कोष्टक २०२४ च्या जूनअखेरपर्यंत जसंच्या तसं चालू होतं. १ जुलै २०२४ ला पन्नासाचे पाच हजार झाले. महागाई वाढली आहे हे सरकारला कळायला १६४ वर्षं लागली, पण कळलं.

आणि माफी नाहीच असंही नाही. २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनी, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या कार्यक्रमात लिहून आणलेलं भाषण बाजूला ठेवून तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांबद्दल सांगितलं. पुढच्या अर्थसंकल्पात गरीब कैद्यांसाठी योजना आली. वर्षाला वीस कोटी रुपये. दंड न भरता आल्यामुळे अडकलेल्याला पंचवीस हजारांपर्यंत, जामिनासाठी सुरुवातीला चाळीस हजारांपर्यंत मदत. हेतू चांगला आहे, यात वाद नाही. आता कार्यपद्धती पाहा. दंड न भरल्यामुळे सुटला नाही, की तुरुंग अधीक्षकांनी सात दिवसांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. सचिवांनी माणसाच्या आर्थिक स्थितीची चौकशी करायची. मग समिती: कलेक्टर, पोलीस अधीक्षक, प्राधिकरणाचे सचिव, तुरुंगाचा अधिकारी, तुरुंगाचे प्रभारी न्यायाधीश. पाच साहेब, पाच गाड्या, पाच चहा, वर बिस्किटं. पाचशे रुपयांचा दंड मंजूर होईपर्यंत चहाचं बिल किती झालं, हे विचारण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. शेवटी राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोमार्फत केंद्र सरकारचे पैसे येतात आणि कोर्टात सरकारजमा होतात. खिशातून काढले, दुसऱ्या खिशात घातले, मधे पावती फाडली.

यातली गोम अशी, की ही मदत आत गेलेल्यालाच मिळते. बाहेर असताना गरीब आहे हे सिद्ध करायला कागद लागतात. आत गेला की चौकशी सरकार स्वतः करतं. तेव्हा बेघर बंधूंना विनंती, की माफी हवी असेल तर आधी अटक करून घ्यावी.

जबलपूरला अशी माफी काही नवी नाही. १८३०च्या दशकात स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं ठगांची पाळंमुळं इथूनच खणली. जे माफीचे साक्षीदार झाले त्यांना फाशी दिली नाही. त्यांना आणि त्यांच्या बायकामुलांना जबलपुरातच वस्ती करून दिली, आणि १८३७-३८ च्या सुमारास त्यांच्यासाठी उद्योगशाळा काढली. तंबू आणि गालिचे विणायला शिकवलं. प्रवाशांच्या गळ्याला रुमाल आवळणाऱ्यांना या शहरानं छप्पर, हातमाग आणि पोटापाण्याचा धंदा दिला. झोपेव्यतिरिक्त ज्यानं काहीच केलं नाही त्याच्यासाठी मात्र आपल्याकडे पावतीपुस्तक आहे. हल्ली फुटपाथवर झोपणाऱ्यांत महत्त्वाकांक्षा उरलेली नाही, हेच खरं.

शेजारी तर आणखी पुढे गेले. इंदूरनं १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाराच आरोपी ठरवला. दहा रुपये दिल्याबद्दल गुन्हाही नोंदवला, आणि भिकारी दाखवून देणाऱ्याला हजार रुपयांचं बक्षीस लावलं. भिकाऱ्याला दहा रुपये देणं गुन्हा, भिकारी दाखवला तर हजार मिळणार. भिकाऱ्यांनीच एकमेकांना दाखवायला सुरुवात केली तर या राज्यात गरिबी औषधालाही उरणार नाही. फेब्रुवारीत भोपाळनंही तसाच हुकूम काढला. याच इंदुरात जानेवारी २०२१ मध्ये नगर निगमच्या कर्मचाऱ्यांनी म्हाताऱ्या बेघरांना ट्रकमध्ये भरून शहराबाहेर क्षिप्रेजवळ उतरवलं होतं; चित्रफीत फिरली, लोक चिडले, तेव्हा त्यांना परत ट्रकमध्ये चढवलं. आमच्याकडे ग्वारीघाटावर नर्मदा जयंतीला भंडाऱ्यांच्या रांगा लागतात, वाढणारे हातापाया पडून वाढतात. त्याच पंगतीतला माणूस रात्रीच्या गाडीनं भोपाळला उतरला की सकाळी कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होतो. नर्मदामैयाचं अधिकारक्षेत्र कुठपर्यंत आहे, हे एकदा राजपत्रात छापून यायला हवं.

काकांनी आता हुकमी पान काढलं. “अहो, सुप्रीम कोर्टानंच विचारलंय!” विचारलं होतं खरं. १२ फेब्रुवारी २०२५ ला शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्या प्रकरणात न्यायमूर्ती भूषण गवई यांनी, फुकट वाटपातून आपण परजीवी वर्ग तर तयार करत नाही ना, अशी शंका बोलून दाखवली. उदाहरणात महाराष्ट्राची लाडकी बहीण योजनाही आली. गवईसाहेब अमरावतीचे, शेतीला मजूर मिळत नाहीत हा त्यांचा अनुभव. त्यावर मी काय बोलणार? एवढंच, की निवारा मागणाऱ्याच्या प्रकरणात साक्ष निघाली ती पंधराशे रुपयांच्या बँक खात्याची, आणि ज्याच्यावर प्रकरण होतं त्याच्याकडे खातंच नाही. दर लाख लोकवस्तीमागे एक रात्रनिवारा असावा, हेही सुप्रीम कोर्टाचंच सांगणं. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात सुमारे १ लाख ४६ हजार बेघर सापडले होते. २०२१ ची जनगणना झालीच नाही. मोजलं नाही की वाढत नाहीत.

वकीलसाहेबांनी फिनलंड काढलं. तिथं दंड मिळकतीच्या प्रमाणात असतो. नोकियाच्या एका संचालकाला मोटरसायकल जोरात हाकल्याबद्दल २००२ मध्ये एक लाख सोळा हजार युरोंचा दंड झाला होता. अपिलात मग पुष्कळ कमी झाला. (तिथंही लोक अदालत असावी.) काकांना हे ऐकून घाम फुटला. मिळकतीप्रमाणे दंड म्हणजे बेघराला शून्य आणि काकांना? त्यांनी लगेच समान नागरी दंडाचा जोरदार पुरस्कार केला.

तेव्हा मी एक तोडगा सुचवला, तो नगर निगमनं गांभीर्यानं घ्यावा. माफीसाठी थकबाकी लागते, थकबाकीसाठी कर लागतो आणि करासाठी मालमत्ता लागते. मग ती देऊनच टाकू. ऑगस्ट २०२५ मध्ये गडकरींनी दमोह नाका ते मदन महल ओलांडून मेडिकल रोडपर्यंतच्या उड्डाणपुलाचं उद्घाटन केलं. राज्यातला सर्वांत लांब, जवळपास सात किलोमीटर. सात किलोमीटरचं सिमेंटचं छत, खाली नंबर घातलेले खांब. प्रत्येक बेघराच्या नावानं एक खांब लावा. पत्ता झाला. त्यावर मालमत्ता कर बसवा. तो भरणार नाही, अधिभार चढेल. रीतसर नोटीस खांबाला चिकटवा. आणि लोक अदालतीच्या शनिवारी त्याला मंडपात बोलवा, खुर्ची द्या, पाणी द्या, पन्नास हजारांच्या आतली थकबाकी म्हणून शंभर टक्के अधिभार माफ करा. फलाटावरचा दंड त्याच टेबलावर, त्याच शिक्क्यानं उडवून टाका. मग तो बेघर राहणार नाही, थकबाकीदार होईल, आणि थकबाकीदाराला या देशात कोणी ट्रकमध्ये भरून शहराबाहेर सोडत नाही.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना योजना एकंदरीत पटली. शंका एकच होती: मदन महल चौकाजवळचे खांब कमर्शियल रोडवर येतात, त्यांना दर जास्त लावणार ना?