मुद्देमालाचे प्रतिवादीस पत्र

मुंबई बंदराबाहेर अटकेत उभ्या असलेल्या परदेशी मालवाहू जहाजास,

ताईसाहेब, सा. न. वि. वि.

आपल्याला अटक झाल्याचे कळले. वाईट वाटायला हवे होते, पण हेवाच वाटला. उच्च न्यायालयातला दावा खुद्द आपल्या नावाने आहे, प्रतिवादी आपणच. वॉरंट बजावायला शेरीफचा माणूस लाँचमध्ये बसून आला म्हणे! मी रायगडातल्या एका खाडीत पोलिसांनी बांधून ठेवलेली मच्छीमार होडी. संशय चोरट्या डिझेलचा. आरोपी माझा नाखवा आणि मी मुद्देमाल. पंचनाम्यात माझ्या वर डिझेलची पिंपे आहेत, खाली एक मोबाइल, मधे मी, ‘जुनी वापरती’.

आपले बरे असते. २०१७चा अ‍ॅडमिरल्टी कायदा आहे. कुणी म्हणतो इंधनाचे बिल थकले, कुणी म्हणतो माल भिजला. मालकाने तेवढी रक्कम भरली किंवा बँकेची हमी ठेवली की आपला नांगर उचलला जातो आणि पुढचे भांडण त्या हमीशी चालते. आपली ती एलिझाबेथ आठवते? १९८४ साली मुरगावहून गोव्याच्या एका कंपनीचा माल घेऊन गेली आणि नको सांगितले असताना तिकडे देऊन टाकला, अशी तक्रार. पुढे विशाखापट्टणमला आली तशी पकडली गेली, १४ लाख २५ हजारांची हमी ठेवून सुटली. परदेशी जहाजावर असा दावा इथे चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले १९९२मध्ये. एलिझाबेथ तोवर थांबली नव्हती.

आणि डिझेलचेच म्हणाल, तर आपल्यातल्याच ‘सैगा’ जहाजाचे काय? भर समुद्रात मासेमारी बोटींना डिझेल पुरवते म्हणून १९९७च्या ऑक्टोबरात गिनी देशाने तिला धरले. हॅम्बुर्गच्या समुद्र-कायदा न्यायाधिकरणाने आपला पहिलावहिला निकाल तिच्यासाठी दिला, तोही ४ डिसेंबरला: उतरवून घेतलेले डिझेल हमीत धरा, वर चार लाख डॉलरची हमी घ्या आणि सोडा. गिनीने सोडायला फेब्रुवारी उजाडवला. हे ऐकल्यापासून आमच्या ठाण्यावरचा माझा राग थोडा उतरला आहे.

आमच्यासाठीही कायदा नाही असे नाही. सुंदरभाई देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगून ठेवले आहे: पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या, आणि वस्तू पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त ठाण्यात ठेवू नका. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७मध्ये तर चित्रीकरणाचीही सोय आहे. नाखव्याने अर्ज केला. कोर्टाने तपासी अंमलदाराचे म्हणणे मागवले. ते काही येईना. तोवर वरच्या फळ्या उन्हाने आवळल्या, सांधी उकलल्या आणि भरतीचे पाणी न विचारता आत येऊ लागले.

शेवटी हुकूम झाला. सुपूर्दनामा द्या, ऐपतदार जामीनदार आणा. आता कोळीवाड्यात ऐपतीचा दाखला कुणाचा काढायचा? घरे पिढ्यांची, पण कागद विचारला की सगळे खाडीकडे बघतात. नाखव्याची खरी ऐपत म्हणजे मी, आणि मी तर ठाण्याच्या ताब्यात!

अटीही वाचून घ्या. होडी विकायची नाही, हे ठीक. बोलावू तेव्हा कोर्टापुढे हजर करायची. ताईसाहेब, आमचे कोर्ट एस. टी. स्टँडच्या मागे आहे. आणि रंगरूप बदलायचे नाही. ही अट मोटारसायकलीच्या हुकुमातून जशीच्या तशी उचललेली दिसते. नारळी पौर्णिमेआधी नवा रंग न लावता दर्यात जाणारी होडी कुणी पाहिली आहे?

तुमच्यातही मालक पळाला की खलाशी पगाराविना जहाजावर अडकून पडतात, हे मला ठाऊक आहे. तरी एक विनंती. आपल्या वकिलांची फी चालूच आहे, तर जाता जाता विचारून बघा. त्या २०१७च्या कायद्यात ‘जहाज’ म्हणजे बोटसुद्धा, आणि जहाजाला पुरवलेल्या मालाचे थकलेले बिलही दाव्याला पुरते, असे कानावर आले आहे. आमच्या बर्फवाल्याचे बिल थकले आहे. तो दावा लावायला एका पायावर तयार आहे. तेवढी शेरीफसाहेबांची लाँच इकडे वळवता आली तर पाहा. भरती पाहून यायला सांगा, ओहोटीला इथे चिखल असतो.

आपली,
मुद्देमाल, तूर्त ठाण्याच्या ताब्यात