टायच्या गाठीत अडकलेली एसटी

शहापूर-मुरबाड पट्ट्यात उद्योगावरचं नवं पुस्तक आलं, की ते सगळ्यांत आधी एसटीच्या प्रवाशाला कळतं. त्याला गाडीची वेळ बघायची असते आणि वेळापत्रकाच्या फळ्यावर लेखक हाताची घडी घालून उभे असतात. आठ बाय चारचे. सुटाबुटात, ऐन मे महिन्यात.

पुस्तकाच्या नावात ‘कोटी’ हा शब्द असतोच. त्याखाली ‘बेस्टसेलर’ आणि त्याखाली प्रकाशनाची तारीख, येत्या रविवारची.

ब्रँडिंगला पैसा लागत नाही, लोकांची नजर जिथे आपोआप वळते तिथे आपण असायला हवं, असं लेखकांचं तत्त्व. मुरबाडकरांची नजर वेळापत्रकाकडेच वळणार, कारण तालुक्यात रेल्वे नाही. लोकल बघायची तर आधी कल्याण गाठा. शहापूरला निदान आसनगाव स्टेशन आहे, पण किन्हवली-डोळखांबच्या माणसाला एसटीच तारणार. तेव्हा लेखकांचा बाजारपेठेचा अभ्यास चोख आहे, हे मान्य करायला हवं. फक्त माळशेजकडची गाडी त्यांच्या डाव्या खांद्यामागे गेली आहे, सरळगाव-किन्हवलीमार्गे शहापूर कोपराखाली दडलं आहे आणि कल्याणची शेवटची गाडी थेट टायच्या गाठीत अडकली आहे. एखादी आजी टोकावड्याची गाडी विचारते, तेव्हा कॉलेजचा पोरगा फ्लेक्सचा कोपरा उचलतो, लेखकांच्या कोटात डोकं घालतो आणि आतून ओरडतो, “आज्जे, सव्वा की पावणे, पुसट झालंय!” लेखकांच्या भाषेत याला ‘एंगेजमेंट’ म्हणतात.

मग मुलाखती. माइकला रंगीत स्पंजचा ठोकळा चढवला, की यूट्यूबवर वाहिनी सुरू. प्रश्न लेखक स्वतःच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. निवेदकाने पुस्तक वाचलेलं नसतं. वाचलं असतं तर मुलाखत झाली नसती. मागे माहुलीचे सुळके आणि पहिला प्रश्न ठरलेला: सर, एवढ्या धावपळीत वेळेचं नियोजन कसं करता? सर वीस मिनिटं वेळेचं नियोजन समजावतात. ती वीस मिनिटं स्टँडवरचा माणूस मोबाइलवर बघतो, कारण गाडी कधी आहे ते त्याला कळलेलं नसतं.

दुसरा प्रश्न आंतरराष्ट्रीय मान्यतेचा. ही मान्यता मलपृष्ठावर छापलेली असते, १३ आकडी आयएसबीएन. भारतात तो अर्ज केला की फुकट मिळतो, लोणच्यांच्या पुस्तकालाही मिळतो. छापील पुस्तकावर जीएसटीही शून्य. हे शून्य लेखकांनी जरा जास्तच मनावर घेतलं. फ्लेक्सवाल्याकडे उधारी, मंडपवाला आपलाच माणूस, हॉल मेहुण्याचा, आणि खुर्च्या भरायला बचत गटाच्या बाया, माणशी एक वडापाव. खर्च सगळा होतो. बिल तेवढं दुसऱ्याच्या नावावर फाटतं.

ज्यांना खरोखर बिनखर्चाचा धंदा जमतो, ते मात्र या पुस्तकांत औषधालाही नाहीत. पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, बैलांचा बाजार होतो, घोंगड्या खपतात; घोंगडीवाल्याला कुणी यशाचं रहस्य विचारलं नाही. घाटात गाडी जिथे हमखास हळू होते, नेमक्या त्याच वळणावर कातकरी बाई करवंदांचे द्रोण मांडून बसते. ही जागा तिला कुठल्या कार्यशाळेने दाखवली? पुस्तकात उदाहरण कॅलिफोर्नियातल्या गॅरेजचं. धसई तर मुरबाड तालुक्यातच आहे. डिसेंबर २०१६ मध्ये ते राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. कॅमेरे आले, दुकानांत कार्डं घासली गेली. कॅमेरे निघून गेल्यावर गल्ल्यात काय राहिलं, यावर एक प्रकरण लिहिलं असतं, तर पुस्तक रोख पैसे मोजून घेतलं असतं. पण तिथे जाऊन विचारावं लागतं, आणि धसईची गाडीही फ्लेक्सच्या मागेच आहे.

त्यात एक वाक्य अशा पुस्तकांत हटकून येतं: संधी पाण्यासारखी असते, वाहत तुमच्यापर्यंत येते. शहापुरात उभं राहून हे बोलायला छाती लागते! भातसा इथे, तानसा इथे, आणि पाणी वाहत जातं मुंबईच्या नळाला. धरणांच्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा हंडे रांगेत असतात. त्या रांगेतल्या बाईला मानसिकता बदला म्हणून सांगणाऱ्याने आधी तिच्या डोक्यावरचा हंडा उचलून अर्धा कोस चालावं, मग मुलाखत द्यावी. स्पंजचा ठोकळा हवं तर आम्ही धरू.

प्रकाशन होतं, तारीख उलटते, फ्लेक्स तसाच. तो उतरवण्याचा खर्च शून्य बजेटात धरलेला नसतो. मग एका सकाळी त्याच्यावर दुसरा फ्लेक्स चढतो: कुणा भाऊंचा वाढदिवस, गॉगलसकट, खाली शुभेच्छुकांची पलटण. आता लेखक खवळतात. मालमत्ता विद्रूप करायला बंदी घालणारा राज्याचा कायदा १९९५ चा आहे, तो त्यांना त्या दिवशी सापडतो. सार्वजनिक फळ्यावर विनापरवाना फलक लावून प्रवाशांची गैरसोय, असा कडक अर्ज ते लिहितात, मूळ स्थितीचा पुरावा म्हणून आपल्याच फ्लेक्सचा फोटो जोडतात आणि अर्जाची पोच हातात धरून पुढच्या मुलाखतीला बसतात.