टॉवेलची प्रदक्षिणा

भोकरला लग्नसराई लागली की आमच्या घरातलं लोखंडी कपाट पोस्ट ऑफिससारखं चालू होतं. वरच्या कप्प्यात आलेले टॉवेल, खालच्या कप्प्यात जायचे टॉवेल. मधे कुणी अंग पुसायचा प्रश्नच येत नाही.

आहेराचा टॉवेल पुसण्यासाठी नसतोच. तो इतका झिरझिरीत असतो की आडवा धरला तर पलीकडचा नवरदेव दिसतो. टोपीचं माप तर जगात कुणाच्याच डोक्याचं नाही. स्पीकरवर नाव पुकारतात, पाव्हणे उठतात, टिळा लागतो, टोपी डोक्यावर टेकते, फोटो निघतो. पाव्हणे खुर्चीपर्यंत पोचतात तोवर टोपी खिशात गेलेली असते. पुढच्या तिथीला ती उमरीत, तिथून हदगावला, मग हिमायतनगरला. सोयरीक तेलंगणात असली तर मुदखेड–आदिलाबाद मार्गावरच्या गाडीत बसून राज्याची हद्दही ओलांडते.

बायकांच्या बाजूला हेच काम साड्या करतात. दुकानदार गादीवर बसल्या बसल्या विचारतो, "नेसायची दाखवू का द्यायची?" घरी आलेल्या साडीच्या पिशवीवर माझी बायको पेन्सिलीनं बारीक लिहून ठेवते, 'हदगावची आत्या'. आत्याची साडी फिरून आत्यालाच जाऊ नये, एवढ्यासाठी. एवढी चोख नोंद तलाठ्याच्या दप्तरातही सापडायची नाही.

हे सगळं मला आमच्याकडचंच खूळ वाटायचं. मग मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की वाचला. पहिल्या महायुद्धाच्या काळात हा गृहस्थ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला आणि १९२२ साली त्यानं जगाला 'कुला' सांगितला. तिथले लोक होड्यांतून समुद्र ओलांडून एकमेकांना शिंपल्यांच्या लाल माळा आणि शंखांची कडी देतात. माळा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, कडी उलटी. रोजच्या वापरात त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य, आणि फार दिवस घरात ठेवून घेणारा माणूस हलका समजला जातो. वाचता वाचता मी कपाटाकडे बघितलं. आमच्याकडे होडीच्या जागी एसटी आहे, एवढाच फरक.

पुढं १९२५ मध्ये फ्रान्सच्या मार्सेल मॉसनं सिद्धांत मांडला की भेट ही कधीच फुकटची नसते. देणं, घेणं आणि परत करणं, तिन्ही बंधनकारक. आमच्या आत्याचा सिद्धांत याहून आखूड आहे: "आलं ते घ्यावं, घेतलं ते ध्यानात ठेवावं."

हे बंधन मोडलं तर काय होतं? अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड गारफिंकेलनं विद्यार्थ्यांना स्वतःच्याच घरात परक्या भाडेकरूसारखं अदबीनं वागायला सांगितलं होतं. घरचे आधी गोंधळले, मग चिडले. आमच्या चुलत्यांनी हा प्रयोग पत्रिकेवर केला: 'कृपया आहेर आणू नये.' आणणारे आणतच राहिले. चुलत्यांनी हात जोडून परत केले, तेव्हा एक मामा जेवणाच्या पंगतीतून उठले. "आमचा टॉवेल काय पोतेरं हाय का?" प्रश्न टॉवेलचा नव्हताच. टॉवेल न घेणं म्हणजे उद्या तुमच्या दारी येणार नाही, असं भर मांडवात सांगणं.

गेल्या लग्नसराईत एक टॉवेल आला, त्याच्या कोपऱ्यात आमच्या आईचं पेन्सिलीतलं अक्षर. आईनं चष्मा लावून खात्री केली आणि मायेनं त्याची घडी घातली. "आला का बापा! समद्याईच्या घरला जाऊन आला."

टॉवेल गोल फिरतो, म्हणून आज देणारा उद्या घेणारा होतो आणि कुणी कायमचं खाली राहत नाही. त्याच मांडवात दुसरी एक वस्तू मात्र स्पीकरवर न पुकारता सरकते. तिच्यावर १९६१ पासून कायद्यानं बंदी आहे आणि तिची दिशा एकच: मुलीच्या घरून मुलाच्या घरी. टॉवेलपायी कुणाचं रान गहाण पडल्याचं ऐकलं नाही, हुंड्यापायी पडतं. ट्रोब्रियांडचा एखादा जाणता माणूस भोकरच्या मांडवात आला, तर टॉवेल त्याला लगेच कळेल. हुंड्याचं सांगितलं, की तो सरळ विचारील, "मग ते परत कधी येतं?"

उत्तर आमच्यापाशी नाही. आम्ही स्पीकरवर त्याचं नाव पुकारू आणि त्यालाही टोपी घालू.