जावक क्रमांक 587

"मेल येतात, पण जात नाहीत." सोमवारी सकाळी साडेदहाला एका पतसंस्थेच्या सेक्रेटरींचा फोन. आवाजात असा राग, की सर्व्हर रविवारी मीच उसना नेलाय आणि परत द्यायला विसरलोय. विचारलं, पडद्यावर काय दिसतंय? "काहीतरी इंग्रजीत आहे." मग कुणीतरी वाचून दाखवलं: 554, रिले ॲक्सेस डिनाइड. साध्या मराठीत, 'आपण कोण?'

हा प्रश्न शनिवारी मीच त्या सर्व्हरला शिकवला होता. का, ते ऐका.

महिन्यापूर्वी अध्यक्षांना घरून मेल पाठवायचे होते. पोस्टफिक्समध्ये, म्हणजे त्यांच्या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये, 'मायनेटवर्क्स' नावाची एक ओळ असते. ही घरच्या मंडळींची यादी. या यादीतल्या पत्त्यावरून कुणी आलं तर सर्व्हर काही न विचारता त्याचं पत्र बाहेर नेऊन टाकतो. अध्यक्षांच्या घरचा आयपी रोज बदलायचा, यादीत बसेना. तेव्हा कुणाच्या तरी भाच्याने (हा भाचा प्रत्येक संस्थेत असतो, आणि त्याने 'कॉम्प्युटर केलेलं' असतं) यादीत 0.0.0.0/0 लिहून टाकलं. अध्यक्षांचा मेल गेला, भाच्याला पोहे मिळाले. त्या पाच शून्यांचा अर्थ एवढाच, की अख्खं जग घरचं. तिसऱ्या दिवशी रांगेत हजारो मेल तुंबले होते, सगळे वजन घटवायच्या गोळ्यांचे, आणि पाठवणारी कोण, तर पतसंस्था. सर्व्हर काळ्या यादीत गेला. उभा जन्म थकबाकीदारांना नोटिसा धाडणारी संस्था स्वतःच डिफॉल्टर.

पण भाच्याला तरी किती बोलायचं? मुळातलं घरच बिनकुलपाचं. नको असलेलं टपाल नाकारायची सोय यंत्राकडे नाही, असं जॉन पोस्टेल यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं होतं. त्याच पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवायचे, नियम मांडले, तर त्यातही पाठवणाऱ्याला पासवर्ड विचारायची तरतूद नाही. तेव्हा सगळे ओळखीचेच होते, हे मान्य. नाव-पासवर्ड विचारायची रीत अधिकृतपणे आली मार्च 1999 मध्ये. बैल गेला आणि झोपा केला, तोही साडेसोळा वर्षांनी.

सेक्रेटरींचा पुढचा मुद्दा मात्र बिनतोड होता. "बाहेरून येणाऱ्या मेलला तुम्ही पासवर्ड विचारत नाही. आम्हालाच का?" म्हटलं, तुमच्या टेबलावर आवक-जावक बारनिशी आहे ना? आवक कुणाचीही घ्यावी लागते. पोस्टमनला आपण कार्यालयाचं ओळखपत्र मागत नाही. ते दार 25 नंबरचं, ते उघडंच राहणार. पण संस्थेच्या शिक्क्याने बाहेर जाणारं पत्र कुणाचं, हे बारनिशीवर बसलेला माणूस विचारतोच की नाही? त्याची खिडकी वेगळी, 587 नंबरची. "आमच्याकडे नाही विचारत," ते म्हणाले. इथे मी विषय बदलला.

खिडकी मांडायला वेळ फार लागत नाही. ओळख पटवायचं काम डव्हकॉट नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमकडे दिलं, त्या पाच शून्यांना निरोप दिला. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. पासवर्ड जाताना 'बेस64' नावाच्या लिपीत जातो आणि ती गिचमिड बघून लोकांना वाटतं, झालं गुप्त. ही आपली लहानपणची च-ची भाषा. शेजारच्या बंड्याला येत नाही तोवरच गुप्त. म्हणून आधी टीएलएसचं पांघरूण आणि मगच पासवर्ड, अशी अट घालावी लागते. तीही घातली.

उरली आउटलुकमधली एक टिचकी. 'आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं' अशा अर्थाचा एक चौकोन तिथे सेटिंगच्या आतल्या खोलीत लपवून ठेवलेला असतो. सोमवारी फोनवरून ती टिचकी मारून घ्यायला पाऊण तास गेला. त्यातली वीस मिनिटं "डावीकडे म्हणजे माझ्या की तुमच्या?" यात.

नऊ माणसं, म्हणून नऊ खाती आणि नऊ बंद पाकिटं. "सगळ्यांना मिळून एकच द्या ना, लक्षात राहतो," असं सेक्रेटरी म्हणालेच. मी ऐकलं नाही. स्कॅन केलेले कागद शिपाईमामा पाठवतात, म्हणून त्यांनाही पाकीट दिलं. मामांनी पासवर्ड बदलून सोपा घेतला, आणि विसरायला नको म्हणून स्कॅनरवर चिकटवला.

या शनिवारी लॉग उघडला. प्रत्येक मेलपुढे कुणाच्या नावाने लॉगिन झालं ते तिथे दिसतं. ठेवीदारांना व्याजाची पत्रं, उपनिबंधकांना खुलासा, अध्यक्षांचा राजीनाम्याचा इशारा आणि पंधरा मिनिटांनी तो मागे घेतल्याचा मेल. आठवडाभराची सगळी जावक एकट्या शिपाईमामांच्या नावावर आहे.

मामा सोमवारपासून वारीत आहेत.