इंग्लिश रग्बीचा नवा हंगाम : कांजूरमार्गच्या ठेवीदारांसाठी मार्गदर्शन

इंग्लंडच्या प्रीमियरशिप रग्बीचा हंगाम तोंडावर आला आहे. कांजूरमार्ग पूर्व व पश्चिम येथील समस्त रहिवाशांनी आपापला क्लब वेळेत निवडून ठेवावा. सामने सुरू झाल्यावर जो जिंकतोय त्याचा झेंडा हाती घेणे क्रिकेटमध्ये खपते, इथे खपत नाही. क्लब एकूण दहा. साखळीत प्रत्येकाचे 18 सामने, पुढे उपांत्य फेरी आणि जूनमध्ये लंडनच्या ट्विकनमला अंतिम सामना. दहातून एकच निवडायचा आहे. सोसायटीचा सेक्रेटरी निवडण्याइतके ते अवघड नाही.

नवशिका माणूस जर्सीचा रंग बघतो, खेळाडूंचे दंड बघतो. आपण ताळेबंद बघायचा.

या कामाला कांजूरचा माणूस मुळातच लायक आहे. पुढच्याच स्टेशनला, भांडुपला, लालबहादूर शास्त्री मार्गावर पीएमसी बँकेचे मुख्यालय होते. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त 1,000 रुपये काढायची मुभा ठेवली. तेव्हापासून या पट्ट्यात ‘व्याज किती?’ या प्रश्नाच्या आधी ‘बुडणार तर नाही ना?’ हा प्रश्न येतो. रग्बीचा क्लब निवडताना हाच क्रम ठेवा.

अभ्यासासाठी वॉस्प्स घ्या. स्थापना 1867, इंग्लंडचे विजेतेपद सहा वेळा, युरोपचे दोनदा. कोणीही डोळे मिटून पैसे ठेवावेत असे घराणे. 2014 मध्ये या क्लबने लंडनची बाजू सोडून कॉव्हेंट्रीला बिऱ्हाड केले, तिथले स्टेडियमही घेतले आणि 2015 मध्ये लोकांकडून साडेतीन कोटी पौंडांचे कर्जरोखे उभारले. व्याज साडेसहा टक्के. एवढ्यासाठी आपल्याकडे कोणी मुलुंडपर्यंतही गेले नसते. तिथे मात्र क्लबवरच्या मायेने लोकांनी घेतले. मुदत संपत होती मे 2022 मध्ये. पैसे वेळेवर परत आले नाहीत आणि ऑक्टोबरात क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला. त्याच हंगामात वूस्टर गेले, पुढच्या जूनमध्ये लंडन आयरिश. 13 क्लबांनी सुरू झालेली स्पर्धा दहावर आली. आपल्या भागात असे झाले असते तर भांडुपपासून घाटकोपरपर्यंत मोर्चा निघाला असता.

पैसा जास्त झाला तरी घात होतो. सॅरासेन्सने खेळाडूंच्या पगारावरची ठरलेली मर्यादा ओलांडली म्हणून 2019-20 च्या हंगामात त्यांचे एकूण 105 गुण कापले गेले आणि इंग्लंडचा विजेता क्लब खालच्या श्रेणीत जाऊन पडला. न्यूकॅसल 2025 मध्ये एका एनर्जी ड्रिंकच्या कंपनीने विकत घेतले आणि क्लबच्या नावात आपला बैल बसवला. बहुतेक क्लब तोट्यात आहेत आणि एखाद्या श्रीमंत मालकाच्या खिशावर चालतात. म्हणून खेळाडूच्या गुडघ्याची चौकशी नंतर, मालकाच्या तब्येतीची आधी.

बाथचा विचार करणाऱ्यांनी सबुरी बाळगावी. 1996 नंतर त्यांना पुन्हा विजेतेपद मिळाले ते थेट 2025 मध्ये, लेस्टरला 23-21 असे हरवून. कांजूरच्या मेट्रो कारशेडच्या जागेचा वाद ज्यांनी पाहिला आहे त्यांना 29 वर्षे फार वाटू नयेत. माझे मत विचाराल तर लेस्टर. मैदान स्वतःच्या मालकीचे, 11 विजेतेपदे गाठीला आणि गावात गुजराती वस्ती इतकी की नवरात्रात तिथे दांडिया जोरात असतो. हरलो तरी फाफडा मिळेल.

क्लब ठरला की वेळापत्रक. शुक्रवारचा सामना तिथे सहसा रात्री पावणेआठला लागतो, म्हणजे आपल्याकडे सव्वाबारा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथले लोक घड्याळ एक तास मागे घेतात, मग आपल्याकडे सव्वा वाजतो. शनिवारचा दुपारचा सामना संध्याकाळी साडेसात-साडेआठच्या आसपास पडतो. ही वेळ मालिकांची असल्याने टीव्ही मागू नये. मोबाइल आणि हेडफोन घेऊन जिन्यात बसावे. कोणत्या ॲपवर दिसते ते आधी पाहून ठेवावे, ऐन वेळी भाच्याला फोन करू नये. शुक्रवारच्या सामन्याला डम्पिंग ग्राउंडची मदत होते. रात्री वारा खाडीकडून आला की वासापायी पूर्वेकडची सगळी बिल्डिंग खिडक्या लावून घेते, त्यामुळे गुण मिळाल्यावरची आपली आरोळी वरच्या मजल्यावरच्या काकांपर्यंत पोहोचत नाही.

घरातल्यांना नियम समजावण्याची पाळी येईलच. तेव्हा लोकलच्या गर्दीची उपमा देऊ नये. सगळे तीच देतात आणि ती चूक आहे: रग्बीत ज्याच्या हातात चेंडू नाही त्याला पाडता येत नाही. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, हे ऐकून आजी विचारतील, “मग पुढे जायचं कसं रे?” उत्तर द्यावे, “धावून.” पलीकडच्या रेषेमागे चेंडू टेकवला की ट्राय, त्याचे 5 गुण, त्यावर दोन खांबांमधून मारलेल्या किकचे 2, पेनल्टी किकचे 3. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ जण मुंडकी अडकवून रेटतात, हे न समजावता नुसते दाखवावे. पंचाच्या अंगावर माइक असतो आणि सव्वाशे किलोचा गडी त्याला ‘सर’ म्हणून हाक मारतो, एवढे दिसले की आजी खेळाच्या बाजूने होतात. तक्त्यात सात किंवा कमी गुणांनी हरणाऱ्यालाही 1 गुण मिळतो. हे मात्र दहावीतल्या नातवासमोर बोलू नये.

प्रत्यक्ष पाहून शिकायचे असेल तर पावसाळ्यात स्लो लोकल धरून सीएसएमटी गाठावी. आझाद मैदानाशेजारी 1875 सालचे बॉम्बे जिमखाना आहे, मुंबईतल्या रग्बीचे जुने घर. आत सभासदांचे राज्य. आपण कुंपणाबाहेरून दिसेल तेवढे फुकट पाहावे. चिखलात लोळलेल्या पंधरा जणांत आपला कोण हे ओळखता आले की अर्धा अभ्यास झाला. दुसरा पर्याय जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीचा. तिथल्या शहाजीराजे क्रीडा संकुलात जून 2025 मध्ये रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, सात-सात जणांचा आखूड खेळ, अंतिम सामन्यात चेन्नईने दिल्लीला 41-0 धुतले. भारतीय रग्बी संघटनेचे अध्यक्ष अभिनेते राहुल बोस, आणि ते स्वतः भारताकडून खेळलेले. ही माहिती सोसायटीच्या गच्चीवर सांगावी, वजन वाढते.

राहता राहिला क्लब बुडाल्यास करायचा विधी. तो आपल्याच देशात ठरून गेलेला आहे. 1870 च्या दशकात कलकत्ता फुटबॉल क्लब रग्बी खेळत असे. फुकटचे पेयपान बंद झाले आणि सभासद गळाले, असे सांगतात. क्लबाने रडारड केली नाही. बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढली, ते 270 रुपये वितळवले, तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला कप घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता कपासाठी भांडत आहेत. 1988 मध्ये दोन खेळाडूंनी एडिनबराच्या रस्त्यावर रात्री त्याच कपाशी खेळून त्याला पोचे पाडले, तरी ठेव शाबूत राहिली.

आपल्याला हे जमायचे तर चपळाई हवी. 1,000 रुपयांची मर्यादा लागली की आजच्या भावाने तेवढ्या चांदीत कप सोडाच, कुंकवाची डबीही होत नाही. सबब मालक आजारी असल्याची बातमी येताच शिल्लक काढण्यास निघावे. रांगेत सकाळी सातच्या आधी उभे राहावे. आधार कार्डाची झेरॉक्स, पासबुक आणि पाण्याची बाटली बरोबर असावी.